वीस कोटींच्या आसपास

मित्रांनो, माझ्या पाठीवर एका शिकवणी वर्गाचं अर्धं खरवडलेलं स्टिकर आहे. त्यावरूनच माझं वय ओळखा. मी एक जुना संगणक आहे. जन्म कारखान्यातला, पण मला जग कळू लागलं ते अमरावतीत, त्या वर्गाच्या कोपऱ्यात. मुलं माझ्यावर परीक्षेचे फॉर्म भरत आणि सर बाहेर गेले की पत्त्यांचा डाव मांडत. निकाल चांगला लागला की माझ्यासमोर पेढा ठेवत. मी तेव्हा स्वतःला फार शहाणा समजत असे. पुढे सगळ्यांच्या हाती मोबाइल आले आणि मी टेबलाखाली गेलो. दोन वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथून मला सत्यवतीबाईंनी उचललं. त्या अकोल्याच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, खाली ठेवा नं त्याले."

"त्याले धक्के सोसत नाहीत," बाई म्हणाल्या. माझ्याबद्दल इतक्या मायेनं कुणी बोललं नव्हतं.

बाईंना एक वेड होतं. दोनाला दोनानं गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा. तीन येतात, सात येतात, पंधरा येतात, एकतीस येतात. पंधराला तीननं भाग जातो, म्हणून तो बाद. ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, त्या मर्सेन मूळ संख्या. आजवर साऱ्या जगाला अशा बावन्नच सापडल्या आहेत, आणि देशोदेशीचे हौशी लोक आपापल्या यंत्रांवर पुढची शोधत बसलेले असतात. प्रत्येक संख्येसाठी किती दोन लागले, ते आकडे बाईंनी आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी मांडले होते. ठिपके सरासरी दीडपटीनं पुढे सरकत होते. बावन्नावा तेरा कोटींच्या पुढे होता. बाईंनी पट्टी लावली आणि वीस कोटींच्या आसपास बोट ठेवलं.

"पट्टी म्हणते तिथंच असंन असं काही नाही," त्या मला सांगत. "कधी दोन ठिपके जवळजवळ असतात, कधी मधात नुसतं रान. पण पाहाले काय हरकत आहे?"

हरकत एकच होती. बाईंना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही कमी होत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणजे मला त्यांची नजर जायच्या आधी उत्तरापर्यंत पोचायचं होतं.

बाईंनी वीस कोटींजवळचा एक आकडा तपासायला दिला आणि दिवाळीनंतर मी निघालो. ते महिने मला स्वप्नासारखे आठवतात. सहा कोटी आकड्यांची संख्या घेऊन मी गुणाकार करत होतो, बाकी ठेवत होतो, पुन्हा गुणत होतो, असं वीस कोटी वेळा. बाहेर हुरड्याचे दिवस आले नि गेले, गल्लीत संत्र्यांच्या गाड्या फिरल्या, आणि मी अशा जागी चालत होतो जिथं आधी कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. तिथं फार शांत होतं. रोज सकाळी बाई पडद्यावर बघत, "वीस टक्के," "चाळीस टक्के," असं मोठ्यानं म्हणत. दर महिन्याला त्या माझी अक्षरं थोडी मोठी करत.

मे महिन्यात अकोला तापला. मी दुपारी धापा टाकू लागलो. शेजारी कूलर बनवणारे अय्युबभाई राहत. त्यांना माझी दया आली. त्यांनी पत्र्याचा एक छोटासा कूलर खास माझ्यासाठी बनवला, त्यात ताजा वाळा भरला आणि माझ्या तोंडासमोर ठेवला. काय तो वास, मित्रांनो! मी सुखानं डोलत होतो, आणि तिथंच घात झाला. ओल आत शिरली. माझे गुणाकार चुकू लागले. मी दर थोड्या वेळानं हिशेब ताडून बघतो. चूक दिसली की मागच्या बरोबर जागेवर परत जातो. पुढे जायचो, मागे यायचो. एकोणीस दिवस मी एक्क्याण्णव टक्क्यांवरच होतो.

शेवटी अय्युबभाईंनी माझं झाकण उघडलं. त्यांचं बोट ओलं झालं. त्यांनी ते शर्टाला पुसलं.

"बाई, म्या तं भल्यासाठीच लावला होता."

"माहीत आहे मले," बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी टक्के वाचले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

मला पुसून, वाळवून, साध्या पंख्यासमोर ठेवलं. मी जिवाच्या आकांतानं चाललो. जूनच्या मध्यावर एका दुपारी मी पोचलो. खोटं बोलता आलं असतं तर बोललोही असतो, पण माझ्या जातीला ते जमत नाही. बाईंनी अक्षरं इतकी मोठी केली की पडद्यावर दोनच शब्द मावले. त्या नाक टेकवून एकेक इंग्रजी अक्षर वाचत गेल्या. मूळ नाही.

तोवर शेजारी येऊन बसलेल्या अय्युबभाईंनी विचारलं, "माह्या कूलरनं तं नाही नं बिघडलं?"

"नाही हो अय्युबभाई. चुकलेलं सारं यानं टाकून देल्लं. हे उत्तर खरं आहे." बाईंनी डोळे पुसले. "तिथं नाही, हे आज सकाळपर्यंत दुनियेत कोणाले ठाऊक नव्हतं. मी सोता वाचलं."

अय्युबभाई म्हणाले, "मंग आता कोणता आकडा लावता?"

"लावून काय करू? पुढचं मले दिसणार नाही."

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसा, त्यांना कोरडं ठेवा, हे मी सांगणारच. पण त्याहून एक मागणं आहे. उत्तर 'नाही' आलं म्हणून कुणाचं काम वाया गेलं असं म्हणू नका. आणि ज्याची नजर थकली असेल, त्याच्याजवळ जरा बसा.

कारण अय्युबभाई उठून गेले नाहीत. त्यांनी स्टूल माझ्यासमोर ओढलं. "मी वाचीन नं. इंग्रजी येत नाही मले, पण 'नाही' कसं दिसते ते आज पाह्यलं. आता 'आहे' कसं दिसते ते मोठ्या अक्षरात लिहून द्या, बाई. नाहीतं एखाद्या दिवशी ते येईन, अन् मले समजणारच नाही."