कानाजवळचा सांधा

दातांत धरलेला प्लॅस्टिकचा तुकडा बोटाएवढाच होता, बेचव... आणि तेवढ्यासाठीसुद्धा तोंड उघडताना शालनच्या उजव्या कानाजवळ कट्कन वाजलंच. हनुवटी टेकवा, हलू नका, एक्स-रे काढणारा म्हणाला. यंत्र डोक्याभोवती फिरू लागलं. हलते कशाला? लांज्याच्या अलीकडच्या गावात ती एकटी राहायची. सकाळी कोंबड्यांना हाक मारली की दिवस मावळेपर्यंत तोंड मिटलेलंच, आणि कोंबड्यांना काही उत्तर द्यावं लागत नाही.

एक फोटो तोंड मिटून, एक उघडून. मग डॉक्टर निशिगंधानं पडद्यावर दाखवलं: जबड्याच्या सांध्याचं डावीकडचं हाड सुपारीसारखं गोल, उजवीकडचं झिजून चपटं, कडेला टोक फुटलेलं.

"काकी, झोपेत दात खाता का?"

"मला कसं कळणार?"

"शेजारी झोपणाऱ्यांना विचारा. खात असाल तर दातांवर घालायची पट्टी देते. नाहीतर सांध्याचं दुखणं वेगळं असेल, मग रक्त तपासायचं, मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं."

शेजारी भिंत होती. नवरा, जानू, मुंबईला. शिमग्यात देवाची पालखी दारात नाचली, ओटी शालननं एकटीनं भरली, तरी हा माणूस आला नाही... त्यानं दुसरं बिऱ्हाड केल्याचं गावाला आधी कळलं, तिला मागाहून. मेले तरी आपण होऊन फोन करणार नाही, हे तेव्हाच ठरलेलं. आणि आता कर म्हणे, दात खाते का हे विचारायला कर! तिला हसू आलं, हसताना कळ आली.

एसटी स्टँडच्या बाकावर बसून तिनं फोन लावलाच. रडायचं नाही, कामापुरतं बोलायचं.

"मी झोपेत दात खायची काय हो?"

 पलीकडून कुठल्यातरी घरातल्या कुकरची शिटी ऐकू आली.

"खायचीस. लग्न झाल्यापासून. गालावर हात ठेवला की थांबायचीस."

"कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं... बरी आहेस ना?"

तिनं फोन बंद केला. पट्टीवर भागेल, रक्तबिक्त काढायला नको. लांज्याची गाडी लागली, माणसं धावली, ती बसूनच राहिली. या माणसानं आपल्याला काहीच दिलं नाही, हे मनात इतकं पक्कं होतं की त्याच्याच आधारावर दिवस निघायचे. आणि तो अंधारात जागा, हात पुढे करून... अन् ती गाढ झोपेत. मेल्या, तेव्हा सांगितलं असतंस तर — तर काय झालं असतं?  रागही आता पूर्वीसारखा येईना. आणि तो रागही गेला, तर घरात तिच्या सोबतीला राहणार कोण होतं?