खालचा खिळा

समजा, तुम्ही जिना धडाधड उतरताय. चार वाजायला आलेत, बोटांना निळा रंग लागलाय आणि खालच्या दुकानातली सगळी घड्याळं आता एकदम ठोके देणार आहेत. तेवढ्यात मागे वाऱ्याने दार धाडकन आपटतं. तुम्ही थांबाल?

भिंगरी थांबली नाही. तिला भिंगरी म्हणत ते उगाच नाही.

घड्याळआजोबांचं दुकान तिच्या घराच्या बरोब्बर खाली होतं. तिन्ही भिंतींवर घड्याळं, आणि मधल्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलेली आणखी काही. चार वाजले की सगळी एका दमात बोलायची. कोपऱ्यातलं एक मात्र सगळ्यांचं संपेपर्यंत गप्प राहायचं, मग घसा खाकरल्यासारखं करायचं आणि आपले चार ठोके वेगळे द्यायचं. भिंगरी रोज यायची ती त्याच्यासाठी.

आज त्याचा चौथा ठोका पडला आणि पाठोपाठ टेबलावर एक थेंब पडला.

"आजोबा, छत गळतंय."

आजोबांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. दुसरा थेंब त्यांच्या बोटावर पडला. तो त्यांनी उजेडात धरला.

"निळं पाणी? काय गं, वर आभाळ सांडलंस की काय?"

भिंगरीने आपल्या निळ्या बोटांकडे पाहिलं. तिने ब्रश धुवायला ओट्याजवळचा नळ सोडला होता. रंगाची वाटी बेसिनच्या भोकावर बसली होती. नळ तसाच वाहत होता, दार लागलं होतं, आणि किल्ली आत टेबलावर होती. खाली, लाकडी छताखाली, लोकांची घड्याळं उघडी पडली होती.

"जा, टेलरकडून किल्ली आण," आजोबा घड्याळं गोळा करत म्हणाले.

"आमची नाहीये तिथे."

"अरे देवा," म्हणत आजोबांनी कोपऱ्यातली छत्री उघडली आणि टेबलावर धरली.

त्या गल्लीची एक रीत होती. प्रत्येक घराची जादा किल्ली टेलरकाकांच्या दुकानात, भिंतीवरच्या फळीला टांगलेली असायची. किल्लीला त्याच घरातल्या कपड्याची चिंधी बांधायची, म्हणजे ओळखायला सोपं. पिवळ्या फुलांची बेकरीवाल्या मावशींची, राखाडी कोटाची घड्याळआजोबांची. भिंगरीच्या घराची तेवढी नव्हती. ती आणि बाबा या गल्लीत नवे. आई दुसऱ्या गावी नोकरीला, सुट्टीला यायची. आधी ते जिथे राहत, तिथे साधा पाव आणायला गाडी काढावी लागे आणि शेजारी ओळखू यायचे ते त्यांच्या गाडीच्या रंगावरून. टेलरकाकांच्या फळीबद्दल ऐकून बाबा म्हणाले होते, "लोक चांगले असतील गं. पण किल्ली ती किल्ली."

तरी ती धावत तिथे गेली. फळीवरचे सगळे खिळे भरलेले होते. फळीच्या बऱ्याच खाली, शिलाई मशीनच्या बाजूला, भिंतीत एक एकटाच खिळा होता. रिकामा. तिने पूर्वी एकदा विचारलं होतं, हा कशाला? तेव्हा काका तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाले होते, "असू दे."

आज त्यांनी टाचण्या काढल्या. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि लंगडत रस्त्यावर येऊन हाक मारली, "मावशी! शिडी काढा!"

बेकरीवाल्या मावशी पिठाच्या हातांनीच शिडी घेऊन आल्या. पाटी पुसायची शिडी, पण खिडकीपर्यंत बरोबर पोचली. मावशी वर चढल्या, खिडकी ढकलली, पुन्हा ढकलली.

"आतून कडी, वरून खिट्टी! बाई गं, तुझ्या बाबांनी खिडकी लावलीय की भिंत बांधलीय?"

"त्यांना बोलवायला हवं," टेलरकाका म्हणाले. "असतात कुठे?"

"चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात. पण ते लांब आहे. बाबा स्कूटरने जातात."

मावशी शिडीवरच हसत सुटल्या. "लांब? अगं, माझ्या मागच्या दाराशी आहे तो कारखाना! चल."

तुम्ही कधी बेकरीच्या आतून धावला आहात? भिंगरी धावली. भट्टीची धग गालाला लागली, पावांच्या फळ्या दोन्ही बाजूंनी मागे पळाल्या, पीठ मळणारा दादा पोट आत घेऊन भिंतीला चिकटला आणि ओरडला, "जा जा, वाट तुझीच आहे!" मागचं दार उघडलं की वाचनालयाचं अंगण. तिथे बाकावर पेपर वाचणाऱ्या आजींनी न विचारताच पाय आत घेतले. पुढे एक कमान, आणि कमानीपलीकडे कारखान्याचं हिरवं फाटक.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर काचेची पांढरी भुकटी होती.

"तू? एकटी? कशी आलीस?"

"बेकरीतून."

"बेकरीतून?" बाबांनी हे अशा आवाजात विचारलं, की जणू ती धुराड्यातून आली होती.

बाकीचं तिने धावता धावता सांगितलं. परतताना आजींनी पुन्हा पाय आत घेतले. बाबा ज्याला त्याला "माफ करा, माफ करा" म्हणत होते आणि पीठ मळणारा दादा म्हणाला, "माफ कसलं, या की रोज!"

घड्याळांच्या दुकानाच्या दारात मात्र बाबांचे पाय थबकले. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत छत्र्या उघडलेल्या होत्या. आजोबांची काळी, टेलरकाकांची चौकड्यांची. घड्याळ दुरुस्तीला आलेलं एक अनोळखी गिऱ्हाईकसुद्धा मावशींची फुलाफुलांची छत्री धरून गंभीर चेहऱ्याने उभं होतं. तिन्ही छत्र्यांवरून निळे ओघळ बादलीत पडत होते.

"आलात?" आजोबा म्हणाले. "सावकाश जा वर. आम्हाला पावसाची सवय झालीय आता."

बाबांनी दाराला तीन कुलपं लावून घेतली होती. लागलं होतं फक्त एक, पण त्यांचा हात सवयीने तिन्हींकडे गेला. नळ बंद झाला. खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाबा उतरून आले ते मान खाली घालूनच. "फार नुकसान झालं असेल. मी भरून देईन."

"झालं ना नुकसान," आजोबांनी कप दाखवला. "चहा निळा झाला."

यावर सगळ्यात मोठ्याने ते गिऱ्हाईक हसलं.

मग भिंगरी आणि बाबा वर जाऊन बराच वेळ घरातली जमीन पुसत बसले. बाबा फडकं पिळत होते, पण लक्ष दुसरीकडेच होतं.

"टेलरकाकांकडे सगळ्यांच्या किल्ल्या असतात?"

"सगळ्यांच्या."

"कधी कुणाची हरवली नाही?"

"आजोबांची एकदा. मांजराने खेळायला नेली होती."

"मग?"

"मग मांजराला बोलणी बसली."

बाबा ओल्या जमिनीवर बसल्या बसल्या हसले. मग त्यांनी खिशातून जुडगा काढला. कडी घट्ट होती, नखाने उघडेना, दातांनी उघडली. एक किल्ली सोडवून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "हात धू आधी." नळाकडे पाहिलं. "नको, राहू दे. जा."

टेलरकाका काहीतरी शिवत होते. मशीन न थांबवता त्यांनी विचारलं, "चिंधी?"

"आम्ही तुमच्याकडे अजून काही शिवलंच नाही."

"मग माझ्याकडची नाही चालायची. ज्याचं घर, त्याच्या अंगावरची लागते."

भिंगरीने जरा विचार केला. मग एका वेणीची लाल रिबीन सोडली आणि किल्लीच्या भोकातून ओवून गाठ मारली. एक गाठ, वर दुसरी.

"काका, तो खिळा कधी ठोकलात?"

"तुमचं सामान उतरलं त्या दिवशी."

"इतके दिवस मग मागितली का नाही किल्ली?"

"किल्ली काय मागून घ्यायची वस्तू आहे?"

"आणि सगळे खिळे तिकडे वर. हाच एवढा खाली का?"

काकांनी मशीन थांबवलं. धागा दातांनी तोडला, चष्म्यावरून तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि पुन्हा कापडावर वाकले.

भिंगरी खिळ्याजवळ गेली. हात पुढे केला. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. किल्ली अडकवली, आणि रस्त्यावरून दिसेल अशी रिबीन सरळ केली.