नीटनेटका कर्टिस

"या इस्त्रीला वाफच येईना. हिच्यापेक्षा माझा तळहात बरा," माझी बहीण मार्लीन पुटपुटत होती आणि एकाच शर्टाची कॉलर पुन्हापुन्हा दाबत होती.

मी कॉफी घेऊन तिच्या मागे उभी. सुनावणीला कर्टिसला जसा आहे तसाच आणा, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. पण मार्लीनला सांगणार कोण? गावचा पोलादाचा कारखाना बंद पडून हातात पैसा नव्हता त्या वर्षीसुद्धा आई आम्हाला कडक इस्त्रीत चर्चला न्यायची. लोकांपुढे विस्कटून जायचं नाही, ही बायबलच्या दहा आज्ञांनंतरची आमच्या घरची अकरावी आज्ञा.

कर्टिस तिचा मुलगा, चौतिशीचा. टायरच्या दुकानात कामाला होता. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले, आणि पुढे त्याने अंथरूणच धरलं. अपंगत्वाचा भत्ता मिळावा म्हणून केलेला अर्ज दोनदा नाकारला गेला. तपासणाऱ्या डॉक्टरने लिहिलं होतं: स्वच्छ, दाढी केलेला, नम्र, स्वतः आंघोळ करतो, चर्चला जातो. ते वाचून मार्लीन म्हणाली की निदान नम्र तरी म्हणाले. मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

कारण त्याची आंघोळ म्हणजे मार्लीन दाराबाहेर उभी राहून आता डोकं, आता पाठ असं सांगणार. दाढी हीच करते. चर्चमध्ये त्याचा हात घट्ट धरून बसते. बायकांना वाटतं, किती ती माया! कुणी विचारलंच तर कर्टिस जरा दमलाय, असं आम्ही सगळे सांगतो. कितीक वर्षं झाली, दमलाच आहे बिचारा.

आज न्यायाधीशांपुढे सुनावणी होती. इथेही नाही म्हणाले तर पुढे फारशी आशा नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

"मावशी, मी काय बोलू तिथे?" गाडीत मागून त्याने विचारलं.

"खरं असेल ते बोल."

"आणि मॅडम म्हण," मार्लीन म्हणाली.

त्याने म्हटलंही. न्यायाधीशबाईंनी विचारलं, कसा आहेस? बरा आहे, मॅडम. स्वयंपाक करतोस? हो, मॅडम. मार्लीनने मध्येच सांगितलं की टोस्टरमध्ये पाव घालतो, तेवढाच त्याचा स्वयंपाक. पण त्याच्या त्या हो वरच वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले होते. मग कोर्टाने नेमलेला नोकऱ्यांचा कोणी जाणकार फोनवरून बोलला, की अशा माणसाला इस्पितळात चादरींच्या घड्या घालायचं काम सहज जमेल. त्यावर मार्लीनने कौतुकाने मान डोलावली. काम जमतं म्हटलं की भत्ता गेला; मी खालून तिच्या पायावर पाय दिला.

मग तिची साक्ष. वकीलबाईंनी तिच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची आठवण काढली. ती इस्पितळात होती तेव्हा घरी कर्टिस एकटाच होता ना?

मार्लीन म्हणाली की हो, आणि तो जरा दमला होता.

त्या वेळचं आम्ही कधीच बोललो नव्हतो. कर्टिसला फ्लू झाला होता असं शेजाऱ्यांना सांगितलं होतं, पाद्रींनाही तेच.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी परतलात तेव्हा काय दिसलं, मिसेस पावलिक?"

मार्लीनने मुलाकडे पाहिलं. तो शर्टाचं बटण चाचपत होता.

"मी जाताना बसला होता, त्याच खुर्चीत होता," ती म्हणाली. "पँट ओली होऊन वाळलेली. ओठ फुटलेले. त्याला खायला कोबीचे रोल करून ठेवले होते, तसेच फ्रिजमध्ये. मी म्हटलं, अरे, पाणी तरी प्यायचंस. तर म्हणाला, तू सांगितलं नव्हतंस ना."

कर्टिसने मान वर केली नाही.

"मी त्याला रोज सकाळी माणसात आणते, मॅडम. दुपारपर्यंत जेमतेम टिकतो." तिने त्याची कॉलर सरळ केली, आणि हात तिथेच राहिला. "तो दमलेला नाही. तो आता बरा होणार नाही. मी मेले ना, की हा त्या खुर्चीत बसून मरेल."