रेघेतला ठिपका

धुमाळ सरांनी जपानी चित्रांचं पुस्तक वर्गात आणलं, तेव्हाच मी ठरवलं, प्रदर्शनात यंदा माझंच चित्र मधोमध लागणार. लांब कागदावर काढून गुंडाळून ठेवायची चित्रं. डोळे म्हणजे एक रेघ, नाक म्हणजे मासे धरायचा गळ. पण सर म्हणाले, ओळखीचा माणूस काढायचा असेल तर ते चित्रकार केसाएवढ्या रेघा एकावर एक देत जातात, तो माणूस दिसेपर्यंत. सगळं शाईनं. खोडरबर चालत नाही. माझा हात आता बसलाय, मला कसली भीती.

मी आईला काढायचं ठरवलं. रविवारी संध्याकाळी ती पानशेतच्या हॉटेलातून आली, दोनएकशे भाकऱ्या थापून. पुण्याची माणसं धरण बघायला येतात आणि भाकरीच खात बसतात.

"आई, नुसतं बसायचंय. अर्धा तास."

"बसते की. मला बसा म्हनतंय कोन?"

ती भिंतीला टेकली. मी कपाळ काढलं. कानामागची बट पिठानं पांढरी झाली होती, ती कोरीच सोडली. डोळ्यांपाशी आले, तर डोळे मिटलेले. दोनदा हाक मारली. "हां, जागी हाय," म्हणाली आणि परत झोपेत गेली. तिसऱ्यांदा मला हाक मारवेना. तिच्याकडं बघून मलाच दमायला झालं. होत्या तशा दोन रेघा काढल्या.

मी चहा ठेवला, त्याच्या वासानं तिला जाग आली. चित्र तिनं बराच वेळ बघितलं.

"ह्ये शाळंत लावनार?"

"मधोमध."

"नगं शेफाली. डोळं मिटल्यालं चित्र म्हंजी हार घालायचंच बाकी. आन हाटेलातली चंद्राबाई बघंल तर म्हनंल, कोमल बसल्या बसल्या झोपा काढती."

चित्र सकाळी द्यायचं होतं, असा कागद दुसरा नव्हता. पुस्तकात बघितलेलं आठवलं. त्या रेघेच्या पोटातच शाईचा बारीक ठिपका असतो, तेच बुबुळ. हात हलला तर चित्र गेलं.

"माझ्याकडं बघ."

तिनं बघितलं. उघडे म्हणजे तरी कितीसे, भाताच्या दाण्याएवढे. मी श्वास रोखला आणि दोन ठिपके ठेवले.

आईनं कागद उजेडात धरला. "आता जागी हाय," ती म्हणाली. "पर लई दमलीय गं ही बाई."

"मग काय करू?"

"पुसता येतंय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे. लाव मधोमध." ती परत भिंतीला टेकली. "आन चहा तूच गाळ. मी बसते जरा."