निडीच्या पुढे लिहिलेली ओळ

मित्रांनो, परीक्षेला जाताना काखेत धरतात तो पॅड आहे मी. अनिताने मला पेणच्या बाजारातून दहावीसाठी आणले, तेव्हा माझा चिमटा बोट लाल करील इतका घट्ट होता. लग्नानंतर ती मला सासरी घेऊन आली, आणि मग कित्येक वर्षे माझ्यावर पापड वाळले.

तिच्या लेकीने, मनस्वीने, मला पुन्हा हाती घेतले. ती कॉलेजात विनोदी लेख लिहू लागली होती. हा लेख आजीवर होता.

आजी काशीबाईचा जन्म मिठागरात गेला. एका लग्नात मनस्वीच्याच पंगतीला बसून तिने वरण चाखले, "ह्यं आपलं मीठ नाय" म्हणाली आणि भर पंगतीत पदराची गाठ सोडून आपल्या आणि शेजारपाजारच्या पानांतल्या वरणात घरचे मीठ घातले. मनस्वीने ते रंगवून लिहिले. बोळके तोंड, हलणारी हनुवटी, सगळे. मैत्रीण पिंकी हसून लोळली. "हेच वाच गो, बक्षीस तुझंच!"

लेखवाचनाची स्पर्धा रोह्याला होती. काशीबाई नवे लुगडे नेसून सोबत निघाली. आगगाडीत म्हणाली, "माझ्यावर लिवलंस म्हणं. वाच बघू."

"तिथंच ऐक, आजी."

मनस्वीचा तळवा माझ्यावर घामेजला. सगळे सभागृह त्या तोंडाला हसणार, आणि ते तोंड समोरच बसलेले असणार! तिने बोळके तोंड खोडले. नागोठणे स्टेशन गेले. हनुवटी खोडली. आता हसण्यासारखे काही उरेना. रोह्याच्या अलीकडचे निडीही गेले, पेन हलेना. मग तिने इतके दाबून लिहिले की अक्षरे माझ्यात रुतली: 'पंगतीत माझ्या शेजारच्या मुलीने विचारले, ही म्हातारी कोण? मी म्हणाले, कोण जाणे, नवरदेवाकडची असेल.'

व्यासपीठावर तिने मला समोर धरून वाचायला सुरुवात केली. आजीच्या मिठामुळे वाढप्यांची झालेली फजिती ऐकून लोक हसले. मग ती ओळ आली. हसू ओसरले. मनस्वीला पुढचे वाचवेना.

तिसऱ्या रांगेतून काशीबाई कडाडली, "मला तवाच ऐकू आलं व्हतं! म्हणून तर तुझ्या वरणात मीठ घातलं नाय!"

हशा थांबेना. मनस्वी डोळे पुसत हसत होती. बक्षीस दुसऱ्याला गेले.

मित्रांनो, कुणावर विनोद लिहाल तेव्हा ते माणूस शेजारी बसले आहे असे समजून लिहा. आणि खुशाल खोडा. खोडण्याने आम्ही पॅड झिजत नाही.