तव्यावरची सिकाई

दीक्षाच्या लग्नाची पत्रिका छापली तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं, आणि लग्न लागलं तेव्हा छत्तीसगडात. म्हणजे सन दोन हजार. पत्रिकेवरचं 'म.प्र.' खोडायला वेळ कोणाला होता? मुलीचा बाप तुळशीराम पाहुण्यांना सांगत फिरला, "राज्य बदललं, नवरदेव तोच आहे."

त्याच लग्नात त्याचा उजवा कान बंद पडला. दोष बँडवाल्याचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वऱ्हाडातून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आलेल्या आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या तुळशीरामला त्यात गंमतच वाटली. बायको बोलायला लागली की तो तिच्याकडे उजवा कान करी. शांताही काही कमी नव्हती. ती उठून डावीकडे येऊन बसे.

पण उन्हाळा लागला तसं नाकातून रक्त येऊ लागलं, मानेत लिंबाएवढी गाठ आली, आणि शांताचं हसणं थांबलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या करून हिंदीत समजावलं. नाकाच्या मागे कॅन्सर आहे, कानही त्यानंच बंद केला. मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली मोठी नस त्यानं घेरली आहे, म्हणून ऑपरेशन जमणार नाही. "सिकाई होगी, साथ में सुई. सोमवार को आ जाइए."

"बचेंगे ना?" शांतानं विचारलं.

"हम पाँच साल का देखते हैं. नस घिरी हो तो कम लोग वहाँ तक पहुँचते हैं, अम्मा. पर पहुँचते हैं."

"पाच वर्षं तर सरकारले भेटतात," बाहेर आल्यावर तुळशीराम म्हणाला. "मले काहून नाही भेटणार?"

रिक्षात शांतानं बजावलं, "दीक्षाचे बाबा, माझ्या आधी जायचं नाही. मले एकटीले राहता येत नाही."

"रांगेत उभं राहायची मले सवय आहे. तू पुढं हो."

सोमवारी ते दवाखान्यात गेलेच नाहीत. सिकाई म्हणजे शेक, एवढं शांताला कळत होतं, आणि शेक द्यायला दवाखाना कशाला लागतो? सुई काय, शेकानं गाठ बसली नाही तर घेऊ. तिनं जाडं मीठ तव्यावर तापवलं, लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि सकाळ-संध्याकाळ गाठीवर धरली. मान भाजून निघे. तरी तुळशीराम म्हणे, "बरं वाटून राहिलं." बायको एवढा जीव ओतून बसलेली, तिच्याशी खरं कोण बोलणार?

काही आठवड्यांनी दीक्षा सिलतऱ्याहून माहेरी आली. बापाची लाल मान बघून दारातच थबकली.

"आई, हे काय?"

"सिकाई देऊन राहिली. डॉक्टरनंच सांगितली."

दीक्षा आईजवळ येऊन बसली. "आई, ती मशीनची सिकाई असते. आतल्या गाठीवर किरणं सोडतात. ही तव्यावरची नाही."

हातातली पुरचुंडी गार झाली तरी शांतानं सोडली नाही. एवढ्या दिवसांत त्या नसेभोवती काय काय वाढलं असेल? "मीच मारलं का यायले?"

"मारलं नाही, भाजलं," तुळशीराम म्हणाला. "अजून अर्धा कच्चा आहे. चाल दवाखान्यात."

डॉक्टर चांगलेच रागावले आणि लगेच उपचार सुरू केले. गाठ विरघळली, पण तुळशीरामचं तोंड कायमचं कोरडं पडलं, तिखट जिभेला सोसेना. शांता बिनमिरचीची भाजी करू लागली आणि स्वतःही तीच खाऊ लागली. वऱ्हाडी माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. दर तपासणीला ती बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसे. दोन हजार सहा साली डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. "अम्मा, पाँच साल हो गए."

"परत निवडून आलो," तुळशीराम म्हणाला. परतताना तेलीबांध्याच्या हॉटेलात त्यानं जिलेबी दुधात भिजवून खाल्ली आणि शांतानं इतक्या वर्षांनी मिरचीभजी.

शांता दोन हजार आठच्या फेब्रुवारीत अर्धांगाच्या झटक्यानं गेली. तुळशीराम दोन हजार तेराच्या जूनमध्ये तापानं गेला. मानेतली नस शेवटपर्यंत शाबूत होती.