पांढऱ्या ठिपक्यावरच्या सोळा ओळी

मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी एक कळ दाबली की वर यायला वेळ घेते आणि घंटा खोकल्यासारखी वाजते. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला फक्त चित्रात पाहिले असेल, म्हणून माझा एक भाग आधी समजावून सांगतो. पुढची गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

माझ्या उजव्या बाजूला एक छोटी खिट्टी आहे आणि तिच्याशेजारी तीन ठिपके आहेत, काळा, लाल आणि पांढरा. खिट्टी काळ्यावर असली की अक्षर काळे उमटते, लालवर असली की लाल. पांढऱ्यावर असली की शाईची फीत वर उचललीच जात नाही. अक्षराचा हातोडा कागदावर आपटतो, बारीकसा खळगा पडतो, पण कागद कोराच दिसतो. कचेऱ्यांत प्रती काढायच्या मेणकागदावर मजकूर कापण्यासाठी ही सोय असे.

कारखान्यातून मी वजनमापे तपासणाऱ्या एका कचेरीत गेलो. बारा वर्षे नोटिसा लिहिल्या आणि मग मोडीत निघालो. तिथल्याच एका निरीक्षकांनी मला विकत घेतले, सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधले आणि घरी नेले. खरे तर ते त्या दिवशी कपाट आणायला बाहेर पडले होते. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. वहिनींनी दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि विचारले, "आणि याच्यात साड्या कुठं ठेवायच्या?"

हे निरीक्षक कवी होते. दिवसभर दुकानदारांची वजने तपासायची आणि संध्याकाळी शब्दांची, असा त्यांचा क्रम. पहिला खर्डा ते नेहमी पांढऱ्या ठिपक्यावर लिहीत. ओळ डोळ्यांना दिसली की तिच्यावर जीव जडतो, मग ती खोडवत नाही, असे त्यांचे म्हणणे. तो कोरा दिसणारा कागद कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवून त्यावर दोनशे ग्रॅमचे पितळी वजन ठेवत. दुसऱ्या दिवशी कविता आठवून काळ्या ठिपक्यावर पुन्हा लिहीत. जे एका रात्रीत विसरले ते टिकण्याच्या लायकीचे नव्हते. याला ते 'शाई लावणे' म्हणत.

लोकांनी त्यांच्यावर खूप प्रेम केले. औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्यांच्या पाकिटावर त्यांची ओळ लिहून देई. कितीतरी प्रेमपत्रांत त्यांच्या ओळी लोकांनी स्वतःच्या म्हणून खपवल्या. पुलावर, वजनाच्या काट्यावर, शेजारच्या लंगड्या कुत्र्यावर त्यांनी कविता केल्या. वहिनींवर मात्र एकही नाही.

"कुत्र्यावर दोन झाल्या," वहिनी म्हणत. "माझा नंबर कधी?"

"कुत्रं वाचून नाक मुरडत नाही," कवी म्हणत.

अशी छत्तीस वर्षे गेली. कवींचे हृदय अशक्त झाले. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितले. एका दुपारी ते माझ्यापुढे बसले आणि खिट्टी पांढऱ्यावर सरकवली. वहिनी आतल्या खोलीत उशांचे अभ्रे बदलत होत्या. ओळ संपली की कागद पुढे सरकवताना माझा रबरी रूळ करकरतो. वहिनींनी तो आवाज मोजला असावा, कारण हातात अभ्रा घेऊनच त्या दारात आल्या.

"सोळा ओळी झाल्या," त्या म्हणाल्या. "कुणावर?"

"तुझ्यावर."

वहिनींनी हातातला अभ्रा खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग म्हणाल्या, "वाचा की."

"उद्या. शाई लावली की."

त्यांनी कागद गठ्ठ्यावर ठेवला, वर वजन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालायला ते वाकले ते पुन्हा उठलेच नाहीत.

मला त्या सोळा ओळी पाठ असतील, असे तुम्हाला वाटेल. नाहीत. माझा प्रत्येक हातोडा फक्त आपापले घाव मोजतो. 'ल' तेवीस वेळा आला, 'आ' एकदाच, उद्गारचिन्ह एकदाही नाही. पण कशानंतर काय आले हे मला माहीत नाही. क्रम फक्त कवींना माहीत होता, आणि कविता म्हणजे तर क्रमच.

दुपारपर्यंत त्यांची मुलगी आली. ती वेगळ्या गावी राहत असे. बापाची ही रीत तिला ठाऊक नव्हती. गावातल्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल फळ्यावर लावायला शोकसभेची सूचना मागायला आले. तिने वजन उचलले, वरचा कागद घेतला, खिट्टी काळ्यावर सरकवली आणि लिहू लागली. कागद रुळावर चढताच मला ते खळगे जाणवले. पण मला कुणी बोट लावले तरच बोलता येते, आणि तेही त्याच्या मनातले. त्यांच्या मृत्यूची बातमी मी माझ्याच अक्षरांनी त्यांच्या कवितेवर ठोकली.

चौथ्या दिवशी वहिनी गठ्ठ्याशी बसल्या. एकेक कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहिला. शेवटचा पाहून झाल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली. वरचा कागद कुठे गेला, म्हणून विचारले.

"तो कोरा होता, आई," मुलगी म्हणाली.

वहिनी तिला रागावल्या नाहीत. चप्पल घालून ग्रंथालयात गेल्या. सूचना खळीने फळ्यावर चिकटवली होती, आणि तोवर तिच्यावर शिकवणीवर्गाची जाहिरात चढली होती. ग्रंथपालांनी पातळ पात्याने खरवडून काढून दिली. घरी आल्यावर वहिनींनी रुमाल सोडला, तेव्हा त्यात फक्त कागदाचे पापुद्रे होते. खळगे खळीने भरून गेले होते. एका तुकड्यावर 'दुःखद' एवढेच वाचता येत होते.

शेवटची आशा माझा रूळ. रबरावरही अक्षरांचे वळ राहतात. दुरुस्तीवाले काका आले, डोळ्याला भिंग लावून त्यांनी रूळ फिरवून फिरवून पाहिला.

"वहिनी, यावर कचेरीची बारा आणि घरची छत्तीस वर्षं आहेत," ते म्हणाले. "एकावर एक."

त्यानंतर वहिनी रोज दुपारी माझ्यापुढे बसू लागल्या. टायपिंग त्यांना येत नव्हते. एका बोटाने अक्षर शोधत. खिट्टी त्यांनी पांढऱ्यावर ठेवली होती. काय लिहीत ते मी सांगू शकत नाही. सोळा वेळा रूळ करकरला की थांबत आणि कागद गठ्ठ्यावर ठेवत. शाई त्यांनी कधीच लावली नाही. लावून दाखवायची कुणाला?

अशी नऊ वर्षे गेली. गेल्या महिन्यात वहिनीही गेल्या. घर रिकामे होते आहे. मी उद्या भंगारात जाईन. माझी तक्रार नाही, लोखंडाला एवढे आयुष्य पुष्कळ झाले. पण काल मुलीने तो गठ्ठा सुतळीने बांधला. वहिनी दुपारी एकट्या असताना लिहीत, हे तिला कोण सांगणार? कोरे कागद वाया कशाला घालवायचे, म्हणून ती ते शाळेला चित्रकलेसाठी देणार आहे.

मित्रांनो, ती शाळा तुमचीही असू शकेल. ज्याला जे सांगायचे आहे ते आजच सांगा, उद्यावर ठेवू नका, हे तर मी म्हणेनच. पण माझे मागणे त्याहून लहान आहे. हातात कोरा कागद आला, तर रंग लावण्याआधी तो एकदा उजेडात तिरका धरा.